गोल्फमध्ये पाच फुटांचा पट सारखा डावीकडे जातोय? आधी बिघाड कुठे आहे ते शोधा

आधी माझा त्रास सांगते, म्हणजे तुमचा तोच आहे का ते कळेल. मी उजव्या हाताने गोल्फ खेळते. चार ते सहा फुटांचा पट (ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर, बॉल होलकडे गडगडवायचा फटका), सरळ नाहीतर अगदी किंचित ब्रेक (उतारामुळे बॉलला येणारं वळण) असलेला, आणि बॉल होलच्या डाव्या कडेला चाटून बाहेर यायचा किंवा सरळ डावीकडूनच निघून जायचा. एखाद्या दिवशीची गोष्ट नाही ही, दोन वर्षं चाललं होतं. काहीतरी बदल केला की पंधरा दिवस बरं चालायचं, मग परत तेच. आणि डोकं फिरवणारी गोष्ट म्हणजे मधूनच एखाद्या राउंडला सगळे पट उजवीकडे जायला लागायचे, त्यामुळे नेमकं काय बिघडलंय तेच समजत नव्हतं.

या दोन वर्षांत मी एकदा पटर (पट मारायची काठी) बदलला, ग्रिप (त्याची मूठ) जाड करून पाहिली, डावा हात खाली घेऊन पाहिलं, बॉल पुढे-मागे केला, व्हिडिओ पाहून स्टान्स (उभं राहायची ढब) बदलला. यातलं एकही वाईट नाही, पण दुखतंय कुठे ते न बघता गोळ्या घेत सुटल्यासारखं झालं ते. प्रत्येक बदल थोडे दिवस चालतो कारण नवीन काही केलं की आपलं लक्ष वाढतं, आणि लक्ष वाढलं की दोन-चार पट पडतातच. सवय झाली की लक्ष जातं आणि मूळ बिघाड जिथल्या तिथे.

मला उत्तर मिळालं ते डिसेंबरातल्या एका सकाळी. नागपूरला तेव्हा सकाळी सातला चांगली थंडी असते, प्रॅक्टिस ग्रीनवर दंव इतकं असतं की सगळं ग्रीन पांढुरकं दिसतं. माळी अजून ग्रीनवर आला नव्हता. मी पाच फुटांवरून सरळ पट मारायला लागले, नेहमीसारखे डावीकडे चालले होते, आणि तोंडाने माझं चालू होतं की इथे ब्रेक आहे, दिसत नाही पण आहे. आमचे एक जुने कॅडी (खेळाडूची बॅग वाहणारे) भाऊ मागे उभे होते, ते म्हणाले, "मॅडम, ब्रेक नाही ना इथं, खाली पाहा ना, लाइन दिसून राहिली."

खाली पाहिलं. बॉल जिथून गेला तिथलं दंव पुसून गडद हिरवी रेघ उठली होती, सात-आठ बॉलच्या सात-आठ रेघा. त्यातली एकही वळलेली नव्हती. सगळ्या पट्टीने आखल्यासारख्या सरळ, फक्त सगळ्यांचं तोंड डावीकडे. म्हणजे बॉल ब्रेकने डावीकडे जातच नव्हता, पटरवरून सुटतानाच डावीकडे सुटत होता. एक-दोन रेघांमध्ये सुरुवातीचे दोन-तीन इंच कोरेच होते, तिथे बॉल उडी मारून मग खाली आला होता. दोन वर्षं जे मला कोणी सांगू शकलं नव्हतं ते त्या गवतावर लिहिलेलं होतं. मी तिथेच फोन काढून फोटो काढले.

म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे की छोटा पट चुकायला लागला तर काहीही बदलायच्या आधी हे शोधा की बॉल सुटतानाच चुकतोय, का स्पीड चुकतोय, का लाइन (बॉल जाईल ती वाट) वाचताना चुकतंय. तिन्हीचा परिणाम एकच, बॉल होलबाहेर, पण इलाज वेगळे. पाच फुटांच्या आत बहुतेक वेळा पहिलंच कारण असतं आणि आपण बहुतेक वेळा शिव्या तिसऱ्याला घालतो.

थोडं गणित सांगते, मला यानेच खरं पटलं. होलचा व्यास ४.२५ इंच, म्हणजे १०८ मिलीमीटर. बॉल पाच फुटांवरून २ अंश वाकडा सुटला तर होलपाशी पोचेपर्यंत मध्यापासून २ इंचांहून थोडा जास्त बाजूला जातो, म्हणजे बरोब्बर कडेवर. दहा फुटांवरून त्यासाठी १ अंश पुरतो. आणि २ अंश म्हणजे पटरवर किती, तर साडेचार इंच लांबीच्या फेसवर (बॉलला लागणाऱ्या सपाट बाजूवर) टो (बाहेरचं टोक) आणि हीलमध्ये (आपल्याकडचं टोक) साधारण ४ मिलीमीटरचा फरक. चार मिलीमीटर! डोळ्याने वरून बघून ते कळत नाही. आणि बॉल कुठल्या दिशेने सुटणार यातला ८० टक्क्यांहून जास्त वाटा इम्पॅक्टच्या (पटर बॉलला लागण्याच्या) वेळी फेस कुठे बघतोय त्याचा असतो, पटर कुठल्या वाटेने फिरला त्याचा वाटा थोडाच. त्यामुळे स्ट्रोक सरळ रेषेत असावा का कमानीत असावा यावर वाद घालण्यात मी फार वेळ घालवू नका म्हणेन, दोन्ही पद्धतीने खेळणारे उत्तम खेळाडू आहेत. फेस बघा.

आता फेस वाकडा असण्याची दोन कारणं असू शकतात, एक म्हणजे मारायच्या आधीपासूनच वाकडा लावलेला आहे, किंवा लावला सरळ पण मारताना फिरला. हे वेगळं करणं सगळ्यात महत्त्वाचं आणि हे घरी करता येतं.

मी घरी असं केलं. हॉलमध्ये दोन बाय दोनच्या टाइल्स आहेत, त्यांचा सांधा म्हणजे तयार सरळ रेघ. सांध्यावर बॉल ठेवला, पाच फुटांवर सांध्यावरच एक नाणं ठेवलं, नाण्याकडे बघून नेहमीसारखा स्टान्स घेतला, पटर लावला आणि तसाच धरून ठेवला. नवऱ्याने बॉल हळूच काढला आणि सुताराचा गुण्या (काटकोनी पट्टी) पटरच्या फेसला चिकटवून जमिनीवर ठेवला, आणि गुण्याच्या पुढे आलेल्या हाताच्या रेषेत गवंड्याची लाइनदोरी ताणून नाण्यापर्यंत नेली. दोरी नाण्याच्या डावीकडे ४ सेंटीमीटरवर गेली. परत केलं, परत डावीकडे. दहापैकी आठ वेळा डावीकडे, कधी तीन, कधी पाच सेंटीमीटर. आणि मला उभं राहून शपथेवर वाटत होतं की फेस एकदम सरळ आहे.

होलची त्रिज्या ५.४ सेंटीमीटर, त्यातले ४ मी मारायच्या आधीच घालवत होते. म्हणजे स्ट्रोक एकदम चोख बसला तरी बॉल डाव्या कडेवरून कसाबसा आत, आणि जरा जरी चूक झाली की बाहेर. आणि ते मधूनच उजवीकडे जाण्याचं कोडंही इथेच सुटलं. सारखं डावीकडे जातंय म्हटल्यावर माझे हात नकळत फेस उघडायला (उजवीकडे वळवायला) शिकले होते, किंवा मी मनातल्या मनात उजव्या कडेवर नेम धरायचे. ज्या दिवशी लावणं चुकून सरळ व्हायचं त्या दिवशी ही भरपाई उलटायची आणि बॉल उजवीकडे. तुमचाही मिस बाजू बदलत असेल तर दोन वेगळे रोग समजू नका, एका चुकीवर दुसरी चूक बसवलेली असण्याची शक्यता जास्त आहे.

मग फेस डावीकडे का लागत होता? माझी उंची ५ फूट २ इंच, आणि पटर ३५ इंचांचा, दुकानात स्टँडर्ड म्हणून जो मिळतो तो. उंचीला लांब पटर असला की हात वर येतात, कोपरं अडकतात, पटरची टो जमिनीवरून उचलली जाते. पटरला साधारण ३-४ अंश लॉफ्ट (फेसचा मागे झुकलेला कोन) असतो, त्यामुळे टो वर उचलली की फेस किंचित डावीकडे बघायला लागतो. हा परिणाम लहान असतो, पण माझ्यासारखं सगळंच थोडं थोडं डावीकडे असेल तर तोही मोजावा लागतो. मोठा भाग डोळ्यांचा होता. पाठ कमी वाकली की बॉल लांब जातो, डोळे लाइनवर राहत नाहीत, आणि तिरकं बघताना सरळ रेषा सरळ दिसत नाही. कोणाला ती डावीकडे दिसते कोणाला उजवीकडे, म्हणून दुसऱ्याचा नियम न लावता गुण्याने आपली आपण बघावी. डोळे कुठे आहेत ते बघायला आणखी सोपी पद्धत म्हणजे स्टान्स घेऊन दुसरा बॉल नाकाच्या वरच्या टोकापासून, दोन डोळ्यांच्या मधून, सोडून द्यायचा. तो जमिनीवरच्या बॉलवर किंवा त्याच्या इंचभर आतल्या बाजूला पडला तर ठीक. माझा चार इंच आत पडला, पायाच्या बाजूला.

शाफ्ट (पटरची दांडी) लगेच कापायला जाऊ नका. आधी महिनाभर ग्रिप दीड-दोन इंच खाली धरून खेळा, टो खाली बसते का, डोळे लाइनवर येतात का ते बघा. मला फरक पडला म्हणून मग ३३ इंचांवर कापून घेतला. कापल्यावर पटरचं डोकं हलकं वाटायला लागतं, त्याला तळाशी शिशाची पट्टी चिकटवली, काही ग्रॅमच, पण हाताला लगेच कळतं. पटर ब्लेड (पातळ डोक्याचा) असावा का मॅलेट (मोठ्या डोक्याचा) यावर मी काही सांगणार नाही, तुमच्या डोळ्याला जो सरळ लावता येतो तो तुमचा. तेही गुण्यानेच ठरवा.

लावणं सुधारलं तरी सगळे डावे मिस गेले नाहीत, अर्धे गेले. मी परत त्याच कॅडी भाऊंना विचारलं. ते पाच मिनिटं गप्प उभे राहून बघत होते आणि मग म्हणाले, "तुमचं डोकं पयले निघते मॅडम, बॉल मंग निघते." इतकं नेमकं निदान मला कुठल्याही व्हिडिओत मिळालं नाही. पट पडतो का बघायच्या घाईत डोकं इम्पॅक्टच्या आधी होलकडे वळतं, डोक्यामागे खांदे वळतात, आणि उजव्या हाताने खेळणाऱ्याचे खांदे वळले की पटर डावीकडे ओढला जातो. याच्यावर संशोधनही झालंय. कॅनडातल्या कॅलगरी युनिव्हर्सिटीच्या जोन विकर्स यांनी खेळाडूंच्या नजरेचा अभ्यास केला, त्याला क्वाएट आय म्हणतात, आणि चांगला पट मारणाऱ्यांची नजर मारायच्या आधीपासून बॉलवर एका जागी थांबलेली असते आणि बॉल गेल्यावरही क्षणभर तिथेच राहते असं त्यात दिसलं. मी बॉलच्या मागच्या बाजूचा एक डिंपल (खळगा) पकडते आणि बॉल गेल्यावर त्याच्याखालचं गवत बघते. बॉल पडल्याचा आवाज कानाने ऐकायचा, डोळ्याने बघायचं नाही. पाच फुटांच्या आत हे करायचंच. पहिले आठ दिवस फार जड जातं, हात थरथरतात, पण सोडू नका.

स्ट्रोक सरळ बसतोय का बघायला घरी सगळ्यात कामाची वस्तू म्हणजे एक मीटरची स्टीलची स्केल, नागपुरात सीताबर्डीवर कुठल्याही मोठ्या स्टेशनरी दुकानात मिळते. इंचभर रुंदीची घ्या, सतरंजीवर सपाट ठेवा, एका टोकाला बॉल ठेवा आणि स्केलवरून पट मारा. फेस जरा वाकडा असला की बॉल अर्ध्यातच खाली उतरतो, आणि कुठल्या बाजूला उतरला ते दिसतं, तिथे ब्रेकला नाव ठेवता येत नाही. जो बॉल पूर्ण स्केल पार करतो तो पाच फुटांवर होलच्या मध्यापासून इंचाच्या आत असतो. मी सुरुवातीला वीसपैकी सहा पार करत होते, आता चौदा-पंधरा होतात. ग्रीनवर हेच काम दोन टी (बॉल ठेवायच्या छोट्या खुंट्या) करतात, बॉलच्या पुढे एक फुटावर दोन इंचांच्या फटीत रोवायच्या आणि त्या गेटमधून बॉल काढायचा. बॉल १.६८ इंचांचा आहे म्हणजे दोन्ही बाजूंना फार जागा उरत नाही, तेच हवंय.

बॉलवर मार्करने रेघ ओढून ती लाइनवर लावायची पद्धत मला मानवली, पण माझ्या एका मैत्रिणीला त्या रेघेमुळे आणखी गोंधळ होतो, ती कोऱ्या बाजूने खेळते आणि माझ्यापेक्षा चांगलं खेळते. करून बघा आणि मोजा.

आता स्पीड. छोट्या पटला आपण घाबरतो आणि पटर मागे लांब नेऊन बॉलपाशी हळू करतो, तिथे फेस लटपटतो. बॅकस्ट्रोक छोटा ठेवा आणि पुढे थांबू नका. लयीसाठी मी मनात "रामकृष्ण हरी" म्हणते, "रामकृष्ण"ला मागे आणि "हरी"ला बॉल. चांगल्या खेळाडूंचा मागे जाण्याचा वेळ बॉलपर्यंत येण्याच्या वेळेच्या साधारण दुप्पट असतो, आणि आपला हा मंत्र नेमका त्या मापात बसतो. किती जोरात मारायचं तर गोल्फ प्रशिक्षक डेव्ह पेल्झ यांनी, ते आधी नासात होते, बरेच प्रयोग करून सांगितलेलं माप आहे १७ इंच, म्हणजे होल नसता तर बॉल दीडेक फूट पुढे जाऊन थांबला असता असा. त्याहून जोरात मारलं की होल लहान होतो, कडेवरचे सगळे बॉल लिप-आउट होतात, म्हणजे कडेला चाटून बाहेर येतात.

नागपुरात स्पीडचा एक वेगळा खेळ आहे तो बाहेरच्या पुस्तकी सल्ल्यात नसतो. आपल्याकडच्या ग्रीनवर बर्म्युडा जातीचं गवत असतं, आणि बर्म्युडा म्हणजे आपल्या हरळीचंच कूळ, ज्याच्या दूर्वा आपण टेकडीच्या गणपतीला वाहतो. ते आडवं पसरत वाढतं म्हणून त्याला ग्रेन (पाती एका दिशेला झुकलेली असणं) असतो. बॉलकडून होलकडे बघताना गवत चमकदार दिसलं तर ग्रेन पुढे चाललाय, बॉल पळणार. काळपट दिसलं तर ग्रेन तुमच्याकडे येतोय, बॉल अडणार. ऊन तिरपं असताना हे स्वच्छ दिसतं, डोक्यावर ऊन आलं की कळत नाही, तेव्हा होलच्या कडा बघा, ज्या बाजूची कड फाटकी, तपकिरी झालीय त्या बाजूला ग्रेन चाललाय. मे महिन्यात पहाटे साडेपाचला जे ग्रीन कडक आणि पळतं वाटतं तेच ऑगस्टमध्ये गवत वाढल्यामुळे, ओल्यावर मशीन फिरवता येत नाही म्हणून, एकदम जड होतं. माझा त्रास दरवर्षी पावसानंतर परत यायचा त्याचं कारण मला नंतर कळलं. जड ग्रीनवर जोर लावायच्या नादात उजवा हात घट्ट व्हायचा, आणि ऑक्टोबरात ग्रीन पळायला लागलं तरी तो हात तसाच घट्ट. म्हणून पावसाळा संपला की मी पहिल्या आठवड्यात होलकडे एकही पट मारत नाही, फक्त ग्रीनच्या कडेपर्यंत मारून स्पीड हातात आणते.

एक वेगळी गोष्ट सांगायला हवी. तुमचा हात इम्पॅक्टला आपोआप झटका देत असेल, घरी कधी नाही पण मॅचमध्ये हमखास, तर ते यिप्स असू शकतं आणि तिथे गुण्या-स्केल कामाचे नाहीत. स्वतःला भित्रं समजू नका, मोठमोठ्यांना झालंय ते. जर्मन गोल्फर बर्नहार्ड लँगरना कारकिर्दीत अनेकदा झालं आणि त्यांनी दर वेळी ग्रिप किंवा पटर बदलून वाट काढली, १९८५ आणि १९९३ ला मास्टर्स ही मोठी स्पर्धाही जिंकले. तिथे क्लॉ ग्रिप (खालचा हात पंजासारखा धरायचा) किंवा डावा हात खाली, असा हातांना अनोळखी बदलच उपयोगी पडतो. लांब पटरही चालतो, फक्त २०१६ पासून तो अंगाला टेकवून मारता येत नाही.

आणि स्वतःकडून किती अपेक्षा ठेवायची तेही नीट ठरवा. आठ फुटांवरून पीजीए टूरचे (अमेरिकेतल्या व्यावसायिक स्पर्धांमधले) खेळाडूसुद्धा साधारण निम्मेच पट आत टाकतात. मी आधी आठ फुटांचा चुकला तरी दुसऱ्या दिवशी काहीतरी बदलायचे, आणि चांगलं चाललेलं बिघडवायचे. आता फक्त पाच फुटांच्या आतले चुकलेले लिहून ठेवते, डावीकडे का उजवीकडे एवढंच. एका बाजूला सलग तीन राउंड जास्त झाले की गुण्या बाहेर काढते, त्याआधी नाही.

दंवाची चाचणी करायची असेल तर ती थंडीतच, संक्रांतीच्या आसपासपर्यंत, करता येते. सातच्या आत प्रॅक्टिस ग्रीनवर पोचा, माळी बांबूने दंव झाडायच्या आधी, सपाट जागा बघून पाच फुटांवर टी रोवा आणि दहा बॉल मारा, एकही रेघ तुडवू नका, मग मागे बसून फोटो काढा. हे प्रॅक्टिस ग्रीनवरच करा, राउंड चालू असताना आपल्या लाइनवरचं दंव पुसणं किंवा ग्रीन कसं आहे बघायला बॉल गडगडवणं नियमात बसत नाही. रेघा सरळ आणि एका बाजूला असतील तर गुण्यापासून सुरुवात करा. पंख्यासारख्या दोन्हीकडे फाकल्या असतील तर डोकं आणि स्केल. आणि रेघा सरळ होलकडे जाऊन शेवटच्या फुटात वळत असतील तर तुमचा स्ट्रोक चांगला आहे, त्याला हात लावू नका, ग्रेन आणि स्पीड बघा.